ब्याऐंशीतला एक सामना

"सर, पहाटे साडेपाचचा गजर लावून अमेरिकेतलं एनबीए लीगचं बास्केटबॉल बघायला उठतो आणि पडद्यावर कळतं की ज्याच्यासाठी उठलो तो आज बसलाय. तळाचे संघ फेब्रुवारीपासूनच हरायला लागतात. उरलेले सगळे लांबून नुसते तीन गुणांचे थ्री मारत सुटतात. खेळ बिघडलाय का? आणि तुमच्या हातात शिट्टीऐवजी अख्खी लीग दिली तर काय बदलाल?" असं तू विचारलंस.

अख्खी लीग मला कुणी देणार नाही, हे सगळ्यांच्याच भल्याचं आहे. पण पंचवीसेक वर्षं शिट्टी फुंकली, त्याहून जास्त सकाळी पोरांना ले-अप शिकवण्यात गेल्या, आणि या सगळ्या काळात एनबीए बघत आलो, आधी शेजाऱ्यांच्या केबलवर, आता मोबाइलवर. तेव्हा मत तर आहेच. जरा सविस्तर सांगतो.

खेळ बिघडलेला नाही. आमच्या वेळी सेंटर म्हणजे रिंगखाली उभा केलेला खांब असायचा. त्याच्याकडे बॉल गेला की तो पाठ लावून ढकलत आत शिरायचा, बास्केट झाली तर झाली. आज सात फुटी माणूस बॉल स्वतः आणतो, मागे न बघता पास देतो आणि थ्रीच्या लाइनच्या बाहेरून टाकतो. इतकं कौशल्य एका कोर्टवर मी आधी कधी पाहिलेलं नाही. बिघडलीय ती एका साध्या रात्रीच्या सामन्याची किंमत. नियमित हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. १९६७-६८ पासून हा आकडा ठरून गेलाय. मालक-खेळाडू वादातल्या टाळेबंदीची आणि कोविडची वर्षं सोडली तर तो हललेला नाही. ३० संघांचे मिळून १,२३० सामने. त्यातला जानेवारीतला एखादा मंगळवारचा सामना कुणी हरलं तर कुणाचं काय जातं? चांगल्या संघाचं काही जात नाही, कारण त्याला मे महिन्यातल्या बाद फेरीसाठी ताजं राहायचंय. वाईट संघाचा तर हरण्यात फायदाच असतो. तुझ्या तिन्ही तक्रारी, आणि तू न केलेली चौथी, म्हणजे सट्ट्याची, थोड्याफार फरकाने याच खड्ड्यातून निघतात.

आधी बसलेल्या खेळाडूचं बघू. २०२४-२५ चा हंगाम २२ ऑक्टोबरला सुरू झाला आणि १३ एप्रिलला साखळी सामने संपले. म्हणजे १७४ दिवसांत ८२ सामने. प्रत्येक संघाच्या वाट्याला लागोपाठच्या दोन रात्रींच्या साधारण १५ जोड्या येतात, आणि त्या दोन रात्री बऱ्याचदा दोन शहरांत. सामना साडेनऊ-दहाला संपतो, बर्फाच्या टबात पाय, पत्रकार, बस, विमान. हॉटेलच्या खोलीत दिवा मालवेपर्यंत तीन वाजतात आणि त्याच संध्याकाळी पुन्हा कोर्टवर. विमान स्वतःचं असो की सरकारी एसटी असो, झोप ती झोपच.

२०१२ च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनियोचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन या मुख्य चौघांना मायामीच्या सामन्याआधी थेट घरी पाठवून दिलं. लीग चिडली, अडीच लाख डॉलर दंड केला. गंमत म्हणजे उरलेल्या पोरांनी तो सामना शेवटपर्यंत ओढला आणि १०५-१०० असा हरले. दीड वर्षाने, २०१४ मध्ये, त्याच संघाने विजेतेपद घेतलं. हे बघून बाकीच्यांनी काय शिकायचं ते शिकले.

लीगने २०२३ मध्ये नियम आणले. मोठे खेळाडू एकाच रात्री दोघे बसवायचे नाहीत, टीव्हीवर देशभर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यात बसवायचे नाहीत, आणि वर्षाच्या बहुतेक मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळलेच पाहिजेत. हेतू वाईट नाही. पण मला तो ताप आलेल्या मुलाला हजेरीसाठी शाळेत बसवल्यासारखा वाटतो. खेळाडूचे ६२ सामने झालेत, मांडीचा स्नायू ओढतोय, आणि पुरस्कारावर कराराचे कोट्यवधी डॉलर टांगलेत. तो खेळणार. आपणही खेळलो असतो.

२०२५ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीत, डेमियन लिलर्ड, जेसन टेटम आणि अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात टायरीस हॅलिबर्टन, तिघांचाही अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेवरची ती जाड दोरी, तुटला. ८२ सामन्यांमुळेच तुटला असं मी म्हणणार नाही; तिघांची शरीरं वेगळी, वयं वेगळी, आणि हॅलिबर्टनची पोटरी तर त्याआधीच दुखावलेली होती. पण हा खेळ आता ज्या वेगाने खेळतात त्या वेगात थांबणं-वळणं-उडणं किती वेळा होतं हे कोर्टच्या कडेला उभं राहून बघितलं की अंगावर येतं. पूर्वी मोठा माणूस रिंगखालीच बचाव करायचा. आता त्याला प्रत्येक वेळी लाइनपर्यंत धावून समोरच्या शूटरच्या हातावर उडी मारायची, आणि लगेच मागे फिरून रिबाउंडला, म्हणजे हुकलेला बॉल पकडायला, यायचं.

इथे माझी एक चूक सांगायलाच हवी. आमच्याकडे पंधरा वर्षांची एक मुलगी होती, हात इतका मऊ की बॉल जाळीला न दुखवता जायचा. एका आठवड्यात ती शाळेकडून खेळली, क्लबकडून खेळली आणि वर एका रोख बक्षिसाच्या स्पर्धेत खेळली. सात दिवसांत सहा सामने, त्यातले तीन डांबरी कोर्टवर. सहाव्या सामन्यात साधा रिबाउंड घेऊन ती एका पायावर, गुडघा सरळ ठेवून उतरली. आवाज मला बेंचवर ऐकू आला. थकलेला खेळाडू उतरताना गुडघा वाकवत नाही, हे मी इतरांना शिकवतो. तिला पाचव्या सामन्याला बसवायचं होतं आणि मी बसवलं नाही, कारण आम्ही उपांत्य फेरीत होतो.

तर इलाज. सगळ्यात सरळ गणित ५८ चं आहे. इतर २९ संघांशी एक सामना घरी, एक त्यांच्याकडे. लागोपाठच्या रात्री संपल्या, प्रत्येक सामन्याला वजन आलं. सामना दुर्मिळ झाला की त्याचं काय होतं हे आपण मुंबईत पाहिलंय. २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचे दोन सामने झाले. सराव हंगामातले, गुणतक्त्यात शून्य किंमत असलेले. पहिल्या दिवशी गॅलरीत तीनेक हजार शाळकरी मुलं होती आणि सामना जादा वेळेत जाऊन १३२-१३१ असा सुटला. दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढून गेलो. निकाल एकतर्फी लागला, तरी शेवटच्या मिनिटापर्यंत माझ्या रांगेतलं कुणी उठलं नाही. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईतच जन्मलेले, त्यामुळे घरच्या कार्यासारखं वातावरण होतं हे खरं. पण लोक थांबले कारण उद्या सकाळी तिसरा सामना नव्हता.

५८ होणार नाहीत, हेही आत्ताच सांगून टाकतो. आज प्रत्येक मालकाला घरच्या मैदानावरच्या ४१ रात्री मिळतात. त्या २९ झाल्या तर १२ रात्रींची तिकिटं, पार्किंग, बिअर, जर्सीविक्री गेली. शिवाय डिस्ने, एनबीसी आणि अ‍ॅमेझॉन यांच्याशी २०२४ मध्ये केलेला ११ वर्षांचा ७६ अब्ज डॉलरचा करार या सामन्यांच्या संख्येवर उभा आहे. आधीचा करार नऊ वर्षांचा, २४ अब्जांचा होता. म्हणजे वर्षाकाठी २.७ अब्जांवरून ६.९ अब्जांवर उडी. सामने कमी करायचे तर हीच वेळ होती, पैसा वाढत असतानाच संख्या कमी केली असती तर कुणाचं ताट रिकामं दिसलं नसतं. ती वेळ गेली. हा करार २०३५-३६ पर्यंत चालणार.

म्हणून माझा पहिला बदल दुसरा आहे: सामना ४८ मिनिटांऐवजी ४० मिनिटांचा करा. आपण इथे फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी दहा-दहाचे चार क्वार्टर खेळतो, ऑलिंपिक त्यावरच होतं, युरोलीग त्यावरच चालते. मी आयुष्यभर ४० मिनिटांचेच सामने चालवले आणि कुणी येऊन "आठ मिनिटं कमी पडली" असं म्हटलेलं नाही. हिशेब बघ: ८२ गुणिले ४० म्हणजे ३,२८० मिनिटं. आजच्या ४८ मिनिटांच्या मापाने ते झाले ६८ सामने. एकही तिकीट न गमावता प्रत्येक संघाच्या पायांवरून जवळजवळ १४ सामन्यांचं ओझं उतरतं. लीगचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी २०२५ च्या जानेवारीत ही कल्पना आपल्याला आवडते असं जाहीरपणे बोलून दाखवलं, म्हणजे ती अगदी वेड्याची बडबड नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप विक्रमांचा. विल्ट चेंबरलेनचे १९६२ मधले १०० गुण मग कोण गाठणार, वगैरे. अरे, १९७९-८० मध्ये थ्री-पॉइंट लाइन आणली तेव्हा विक्रमांच्या वहीचं काय झालं? वही तिथेच आहे, नवीन पानं लागली.

आता मुद्दाम हरणं. एक गोष्ट आधी नीट समजून घे. कोर्टवरचे पाच जण कधीच हरायला खेळत नाहीत. पुढच्या वर्षीचा करार मिळवायचा असतो, समोरच्याने आपल्या तोंडावर डंक मारला, म्हणजे उडी घेऊन बॉल रिंगमध्ये कोंबला, की तो व्हिडिओ जगभर फिरतो, शिवाय जो नवा पोरगा ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, येणार तो यांच्यातल्याच कुणाची तरी जागा खाणार. हरायचं ठरतं वरच्या मजल्यावर. चांगले खेळाडू विकायचे, उरलेल्यांना "गुडघा दुखतोय" म्हणून बसवायचं, चौथ्या क्वार्टरमध्ये बाराव्या क्रमांकाचा पोरगा आत सोडायचा.

कारण उघड आहे. कॉलेजातून आणि परदेशातून येणारे नवे खेळाडू निवडताना तळाच्या संघाला आधी हात घालायला मिळतो. पूर्वी शेवटून पहिला आला की काम जवळपास व्हायचं, म्हणून १९८५ मध्ये निवडीचा क्रम ठरवायला सोडत आणली. तरीही फिलाडेल्फियाने २०१३ पासून तीन हंगामांत १९, १८ आणि १० सामने जिंकले, म्हणजे २४६ पैकी ४७, आणि याला 'प्रक्रिया' असं भारदस्त नाव पडलं. त्यातून जोएल एम्बीड मिळाला, नाही असं नाही. पण त्या तीन वर्षांनंतर २०२५ पर्यंत तो संघ एकदाही विभागाच्या अंतिम फेरीत पोचला नाही. २०१९ पासून सोडतीचं गणित बदललं: तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची शक्यता सारखीच, १४ टक्के. डेट्रॉइट लागोपाठ दोन वर्षं सगळ्यात खाली राहिलं आणि दोन्ही वेळा पाचव्या क्रमांकावर ढकललं गेलं. २०२५ ला युटा १७ सामने जिंकून तळाला, तेही पाचवं. पहिला क्रमांक गेला डॅलसकडे, ज्यांची शक्यता १.८ टक्के होती.

मग आता हरण्यात राम नाही, असं तुला वाटेल. डॅलसचीच दोन वर्षं आधीची गोष्ट ऐक, म्हणजे कळेल. एप्रिल २०२३. शिकागोविरुद्धचा सामना, हंगामाचे दोनच सामने उरलेले, आणि डॅलसला प्ले-इनची, म्हणजे बाद फेरीत शिरण्याच्या शेवटच्या संधीची, आशा अजून शिल्लक. पण त्यांची ड्राफ्टमधली पाळी पहिल्या दहात आली तरच त्यांच्याकडे राहणार होती, नाहीतर आधीच्या सौद्याप्रमाणे न्यूयॉर्कला जाणार होती. त्यांनी कायरी अर्व्हिंगसह अर्धा संघ बसवला आणि आपला सर्वांत मोठा खेळाडू लुका डोन्चिच याला पहिल्या क्वार्टरनंतर थोडं खेळवून बाहेर काढलं. तीन गुणांनी हरले, स्पर्धेतून गेले. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला. सोडतीत त्यांना दहावा क्रमांक मिळाला, तो देऊन त्यांनी बारावा घेतला आणि त्यातून डेरेक लाइव्हली नावाचा उंच पोरगा आणला. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, लाइव्हली रिंगखाली उभा आणि डॅलस अंतिम मालिकेत. साडेसात लाखांत असा सेंटर मिळत असेल तर मी मालकाला म्हणेन, पावती घे आणि गप्प बस.

म्हणजे दंडाने हे थांबणार नाही. सोडतीच्या टक्केवारीशी खेळूनही नाही. तेवढ्याने हरण्याची शर्यत शेवटच्या तीनवरून शेवटच्या दहापर्यंत पसरते. उपाय दुसऱ्या खेळात चालू आहे. अमेरिका-कॅनडातल्या महिलांच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगने २०२४ च्या पहिल्याच हंगामापासून असा नियम लावला की एखादा संघ बाद फेरीच्या शर्यतीतून गणिताने बाहेर पडला, की त्या क्षणापासून त्याने मिळवलेले गुण वेगळे मोजायचे, आणि ज्याचे असे गुण जास्त त्याला ड्राफ्टमध्ये पहिली पाळी. अ‍ॅडम गोल्ड यांची ही कल्पना, म्हणून 'गोल्ड प्लॅन' म्हणतात. खरोखरच दुबळा संघ सगळ्यात आधी बाहेर पडतो, म्हणून गुण जमवायला त्याला सगळ्यात जास्त सामने मिळतात. त्याला मदत मिळते, पण जिंकूनच. मार्चच्या शेवटी तळाच्या दोन संघांचा सामना लागला तर आज तो कुणी बघत नाही; या नियमात त्याच सामन्यावर पुढच्या दहा वर्षांचा खेळाडू अवलंबून असेल. एनबीएने हे उद्या उचलावं. पंचांनाही बरं. हरायला उतरवलेल्या संघाचा सामना चालवणं किती कंटाळवाणं असतं, ते शिट्टीवाल्याला विचार. आमच्याकडेही गट बदलायला मिळावा म्हणून शेवटचा साखळी सामना सोडणारे प्रशिक्षक मी पाहिलेत. पोरं मान खाली घालून ड्रिबल करतात.

थ्रीबद्दल माझं मत तुझ्या वर्गातल्या मित्रांपेक्षा वेगळं असेल. लोक म्हणतात लाइन मागे न्या. १९७९-८० मध्ये एक संघ सामन्यात सरासरी तीनसुद्धा थ्री टाकत नव्हता. २०२४-२५ मध्ये ही सरासरी ३७ च्या पुढे गेली, आणि बोस्टन तर ४८ टाकत होतं. कारण दुसरी-तिसरीतलं गणित. ३६ टक्क्यांनी टाकलेल्या शंभर थ्रीचे १०८ गुण. मधल्या अंतरावरून चांगला शूटर ४२ टक्क्यांनी टाकतो, त्या शंभराचे ८४. प्रशिक्षक म्हणून मी कशाला पोराला मधून टाकायला सांगू?

पण लाइन मागे नेता येत नाही, आणि याचं कारण मोजपट्टीत आहे. एनबीएचं कोर्ट ५० फूट रुंद. रिंग मधोमध, म्हणजे बाजूच्या रेषेपासून २५ फुटांवर. समोरून थ्रीची लाइन २३ फूट ९ इंच आहे, पण कोपऱ्यात तेवढी जागाच नाही म्हणून तिथे ती २२ फुटांवर सरळ केलीय. उरले तीन फूट. त्या तीन फुटांच्या पट्टीत साडेसहा फुटी माणूस, पंधरा नंबरचे बूट, आणि टाच रेषेला लागली तर बॉल गेला. लाइन अजून मागे न्यायची तर कोर्ट रुंद करा. कोर्ट रुंद करायचं तर पहिल्या रांगेच्या खुर्च्या उचला, आणि अख्ख्या स्टेडियममधल्या सगळ्यात महाग खुर्च्या त्याच. दुसरा मार्ग कोपऱ्यातला थ्री रद्द करण्याचा. मग बचाव करणारे पाचही जण आत गोळा होतील आणि तुला रिंगखाली नुसती गर्दी बघायला मिळेल.

मी लाइनला हातच लावणार नाही. मी माझ्या पंचभावांना एकच सांगेन: स्क्रीन लावणाऱ्याचे, म्हणजे बचावपटूची वाट अडवून उभ्या राहणाऱ्याचे, पाय बघा. पुढचा सामना बघताना तूही बॉलवरची नजर काढ आणि फक्त त्या मोठ्या माणसाकडे बघ. गार्डच्या बचावपटूच्या वाटेत तो उभा राहतो, ठीक. नियम म्हणतो, त्याने जागा घेऊन स्थिर राहायचं. प्रत्यक्षात टक्कर होण्याच्या क्षणी त्याचा डावा पाय अर्धा फूट बाहेर सरकतो, कंबर फिरते, कधी कोपराने हलकासा धक्का. तेवढ्याने बचाव करणारा अर्धा सेकंद मागे पडतो आणि शूटरला मोकळा हात मिळतो. मी जिल्ह्याच्या सामन्यात हा फाऊल पहिल्या पाच मिनिटांत दोनदा दिला की पुढे सामनाभर सगळे पाय रोवून उभे राहतात. एनबीएत तो सर्रास सोडतात. त्याच्याबरोबर ड्रिबलमध्ये बॉलच्या खाली हात घालून उचलून नेणं आणि बॉल धरल्यानंतरची ती खुशाल पावलं. आधी पुस्तकात आहे तेवढं तरी शिट्टीत येऊ दे. थ्री कमी होतील की नाही सांगता येत नाही, पण तो कमवावा लागेल.

आपल्याकडची गोष्ट वेगळीच. दहा वर्षांचं पोर मोठ्यांचा सात नंबरचा बॉल घेऊन लाइनबाहेरून टाकायला बघतं. ताकद नाही, म्हणून बॉल कमरेपासून दोन्ही हातांनी ढकलतं, आणि ती सवय पुढे पाच वर्षं मोडत नाही. आई-बाबा व्हिडिओ काढत असतात. मी त्यांना विनंती करतो की पाच नंबरचा बॉल आणा आणि पोराला रिंगच्या पुढ्यात, चार फुटांवर उभं करा. ऐकणारे थोडे.

शेवटची दोन मिनिटं हा माझा वैयक्तिक राग आहे, म्हणून थोडक्यात आवरतो. एनबीएत प्रत्येक संघाला सात टाइमआउट असतात. फिबात पूर्वार्धात दोन, उत्तरार्धात तीन. त्यात पडद्यावर जाऊन फेरतपासणी, प्रशिक्षकाचं आव्हान, आणि मागे पडलेल्या संघाने मुद्दाम केलेले फाऊल. घड्याळातलं एक मिनिट भिंतीवरच्या घड्याळात दहा होतं. एनबीएचीच 'जी लीग' नावाची धाकटी लीग २०१९-२० पासून एक छान गोष्ट करतेय: दोन किंवा तीन फ्री थ्रोच्या जागी एकच टाकायचा, गेला तर सगळे गुण. सामन्याची शेवटची दोन मिनिटं तेवढी जुन्या पद्धतीने. आणि तिथे जादा वेळ घड्याळावर खेळतच नाहीत, जो आधी सात गुण करेल तो जिंकला. फाऊल करून घड्याळ थांबवण्याचा उद्योगच संपतो, शेवट नेहमी बास्केटवर किंवा फ्री थ्रोवर होतो. स्वतःच्या घरात यशस्वी झालेला प्रयोग वरच्या मजल्यावर न्यायला इतका उशीर का, मला समजत नाही.

आणि आता तो चौथा विषय. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्यावरची देशव्यापी बंदी उठवली. त्याआधीही २००७ मध्ये टिम डोनघी नावाचा एनबीएचा पंच सट्ट्यात सापडला होता आणि पुढे तुरुंगात गेला, त्या वर्षी आमच्यासारख्या गल्लीतल्या पंचांनाही लोक हसून विचारायचे, "किती घेतले?" पण आता पैज सामना कोण जिंकणार यावरच लागते असं नाही. अमुक खेळाडू पाचपेक्षा कमी गुण करेल का, यावरही लागते. टोरोंटोचा जॉन्टे पोर्टर. मार्च २०२४ मध्ये तो तीन मिनिटंही न खेळता "बरं वाटत नाही" म्हणून बाहेर गेला. त्याच्या कमी कामगिरीवर कुणीतरी मोठी रक्कम लावली होती. एप्रिलमध्ये लीगने त्याला आजन्म बंदी घातली.

पोर्टर दुहेरी करारावर होता, म्हणजे अर्धा वेळ धाकट्या लीगमध्ये, आणि पगार नवख्याच्या किमान पगाराच्या निम्मा. बहुतेक वेळ बाकावर बसणाऱ्या माणसाचे तीन रिबाउंड कमी झाले तर सामन्यावर काही परिणाम होत नाही, संघाला फरक पडत नाही, कुणाच्या लक्षातही येत नाही. विकायला यापेक्षा सोपी वस्तू नाही. लीगच्या सांगण्यावरून सट्टा कंपन्यांनी नंतर अशा करारावरच्या खेळाडूंच्या 'कमी' बाजूच्या पैजा बंद केल्या. मी एक पाऊल पुढे जाईन: एकट्या खेळाडूच्या आकड्यांवरच्या सगळ्या पैजांमधून लीगने आपलं नाव आणि आपला अधिकृत डेटा काढून घ्यावा. पैसे बुडतील. २०२५ च्या ऑक्टोबरात एक चालू खेळाडू आणि एका संघाचे प्रशिक्षक यांना दोन वेगवेगळ्या जुगार प्रकरणांत अटक झाली. दोघांनीही आरोप नाकारलेत आणि निकाल न्यायालय देईल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे येणाऱ्या पोरांनी वॉर्म-अप करताना बोलायला घेतलेला विषय हंगामाचा पहिला सामना नव्हता, अटक होती.

बाकी तुझ्या गजराचं म्हणशील तर आज रात्रीपासूनच एक करता येईल. कोण खेळणार, कोण बसणार याची यादी संघांना आधी जाहीर करावी लागते, आणि लागोपाठच्या दुसऱ्या रात्रीच्या सामन्यासाठी ती त्यांच्या दुपारी येते. हिवाळ्यात पूर्व किनाऱ्यावरची दुपारची एकची वेळ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. झोपण्याआधी ती यादी उघड. कालही तोच संघ खेळलेला असेल आणि विमानाने शहर बदललं असेल, तर गजर सातचा लाव आणि सरळ ग्राउंडवर ये. बॉल मी आणतो.